बंदिवासाची किल्ली

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील विस्कॉन्सिन हे राज्य आपल्याकडील श्रोत्यांच्या फारसे परिचयाचे असण्याचे कारण नाही. मिशिगन सरोवराच्या पश्चिम तीरावर ते वसले आहे. दूधदुभते आणि चीज यांसाठी त्याची ख्याती आहे. न्यूयॉर्कचे वैभव त्याच्या वाट्याला आले नाही की व्हर्जिनियाचा जुना दिमाखही आला नाही. १८४८ साली ते संघराज्यात सामील झाले, म्हणजे अमेरिकेच्या हिशेबानेही ते उशिरा जन्मलेले भावंड. तथापि मनुष्याला कोंडून ठेवण्याचा अधिकार कोणाचा, आणि त्या कोंडलेल्या मनुष्याला सोडविण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नावरून या राज्याने आपल्या मध्यवर्ती सरकारशी १८५४ पासून १८७२ पर्यंत, अशी अठरा वर्षे झगडा केला. त्या झगड्यात ते अखेर हरले. ते का हरले, हरले ते योग्य झाले की अयोग्य, आणि त्या पराभवानंतर घटकराज्याच्या हाती काय उरले, याचा विचार आज आपणांस करावयाचा आहे.

प्रारंभी दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली अशी की, अमेरिकेत न्यायालयांच्या दोन निरनिराळ्या परंपरा शेजारी शेजारी नांदत असतात. प्रत्येक राज्याला स्वतःचे सर्वोच्च न्यायालय असते, स्वतःचे न्यायाधीश असतात. आणि संघराज्याची न्यायालये त्याच भूमीवर, परंतु वेगळ्या अधिकाराने, काम करीत असतात. दुसरी गोष्ट म्हणजे हेबिअस कॉर्पस. आपल्या राज्यघटनेच्या मराठी अनुवादात याला ‘देहोपस्थिती’ असा नेमका शब्द योजिला आहे. बंदिवानाला ज्याने अडकवून ठेवले असेल त्याला न्यायाधीश आज्ञा करतो की, या मनुष्याचा देह माझ्यासमोर उपस्थित कर आणि कोणत्या कायद्याने त्याला धरलेस ते सांग. उत्तर समाधानकारक नसेल तर बंदिवान तेथल्या तेथे मोकळा होतो. अमेरिकेच्या घटनेत असे म्हटले आहे की, बंड किंवा परचक्र यांच्या प्रसंगी सार्वजनिक सुरक्षिततेसाठी आवश्यक झाल्यावाचून हा हक्क स्थगित करता येणार नाही. मात्र तो स्थगित कोणी करावयाचा, काँग्रेसने की राष्ट्राध्यक्षाने, हे त्या कलमात स्पष्ट लिहिलेले नाही. घटनाकारांनी मोकळ्या सोडलेल्या त्या एवढ्याशा जागेतून पुढे केवढे वादळ आत शिरले, ते आता पाहावयाचे आहे.

कथेला आरंभ होतो तो एका पळालेल्या गुलामापासून. १८५० साली काँग्रेसने पळून गेलेल्या गुलामांना परत धरून देण्याचा एक कडक कायदा केला. त्या कायद्यान्वये पकडलेल्या मनुष्याला ज्यूरी मिळत नसे आणि स्वतःच्या बाजूने साक्ष देण्याचीही त्याला मुभा नव्हती. प्रकरणाचा निकाल करणाऱ्या कमिशनरला, मनुष्य मालकाच्या हवाली केला तर दहा डॉलर आणि सोडून दिला तर पाच डॉलर, असे शुल्क ठरवून दिलेले होते. न्यायाचा तराजू कोणत्या बाजूला कलावा याची तजवीज कायद्यानेच करून ठेविली होती म्हणा ना!

मिसूरी राज्यातून निसटलेला जोशुआ ग्लोव्हर नावाचा एक गुलाम विस्कॉन्सिनमधील रासीन या गावी लाकडाच्या गिरणीत काम करून पोट भरीत होता. मार्च १८५४ मध्ये त्याचा मालक संघराज्याच्या अधिकाऱ्यांसह तेथे येऊन धडकला. ग्लोव्हरला मारहाण करून मिलवॉकी शहराच्या तुरुंगात नेण्यात आले. ही वार्ता शर्मन बूथ या वृत्तपत्र-संपादकाच्या कानी गेली, त्याने लोकांना हाक दिली, आणि जमलेल्या समुदायाने तुरुंगाचा दरवाजा फोडून ग्लोव्हरला बाहेर काढले. यथावकाश तो कॅनडात सुखरूप पोहोचला. बूथ मात्र मागे राहिला आणि संघराज्याच्या कैदेत पडला.

येथे रंगभूमीवर एका तरुण वकिलाचे आगमन होते. बायरन पेन त्याचे नाव. वय २६ वर्षांचे. बूथच्या वतीने तो संघराज्याच्या न्यायालयाकडे गेला नाही; तो गेला राज्याच्या न्यायाधीशाकडे, आणि त्याने देहोपस्थितीचा आदेश मागितला. माझ्या राज्यातील नागरिक माझ्या राज्याच्या भूमीवर बेकायदा बंदिवासात आहे, त्याला धरणारा कोणत्याही सरकारचा नोकर असो, त्याला सोडविणे हे राज्याच्या न्यायालयाचे कर्तव्य आहे, असा त्याच्या युक्तिवादाचा मथितार्थ होता. न्यायमूर्ती एब्रम स्मिथ यांनी तो मान्य केला, १८५० चा कायदा घटनाबाह्य ठरविला आणि बूथला मोकळे केले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. पुढे संघराज्याच्या न्यायालयाने बूथला एक महिन्याची कैद आणि एक हजार डॉलर दंड अशी शिक्षा दिली, तेव्हाही राज्याच्या न्यायालयाने १८५५ साली त्याला पुन्हा सोडले. वॉशिंग्टनहून कागदपत्रांची मागणी आली, तर राज्याच्या न्यायालयाने आपल्या लेखनिकाला ती पाठवू नयेत असे बजावले.

१८५९ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणाचा निकाल दिला. निकालपत्र लिहिणारे होते सरन्यायाधीश रॉजर टॉनी. दोन वर्षांपूर्वी ड्रेड स्कॉट खटल्यात, कृष्णवर्णीय मनुष्य अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही असे सांगणारे तेच हे टॉनी. त्यांनी निक्षून सांगितले की, बंदिवान संघराज्याच्या अधिकाराखाली आहे एवढे कळल्यावर राज्याच्या न्यायाधीशाने हात आवरला पाहिजे. तर्क म्हणून यात चूक काढणे सोपे नाही. एका सरकारने बांधावे आणि दुसऱ्याने सोडावे असे होऊ लागले तर संघराज्य टिकणार कसे? परंतु ज्या कायद्याचे रक्षण करण्यासाठी हा तर्क लढविला गेला तो कायदा मनुष्याला वस्तू मानणारा होता, हे विस्कॉन्सिनची जनता विसरली नाही. त्याच वर्षी तिने बायरन पेनला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर निवडून दिले.

आता दोनच वर्षांनी काळाने कशी उलट फिरकी घेतली ते पाहा. १८६१ च्या एप्रिलमध्ये यादवी युद्ध पेटले. १९ एप्रिल रोजी वॉशिंग्टनच्या रक्षणासाठी निघालेल्या मॅसॅच्युसेट्सच्या पलटणीवर मेरीलँड राज्यातील बाल्टिमोर शहरात जमावाने हल्ला केला. सैनिक आणि नागरिक दोन्ही बळी पडले. राजधानीकडे येणारे लोहमार्गाचे पूल जाळण्यात आले. अशा प्रसंगी २७ एप्रिल रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी फिलाडेल्फिया ते वॉशिंग्टन या लष्करी मार्गावर हेबिअस कॉर्पस स्थगित करण्याचा अधिकार आपल्या सरसेनापतीला दिला. काँग्रेसचे अधिवेशन त्या वेळी चालू नव्हते.

२५ मेच्या रात्री दोनच्या सुमारास जॉन मेरीमन नावाच्या मेरीलँडमधील एका सधन शेतकऱ्याला सैनिकांनी घरातून उचलून फोर्ट मॅकहेन्री या किल्ल्यात नेले. पूल जाळण्यात त्याचा हात होता असा आरोप होता. त्याच्या वकिलांनी ज्यांच्याकडे अर्ज केला ते होते तेच रॉजर टॉनी, वय वर्षे ८४. टॉनींनी आदेश काढला. किल्ल्याचा अधिपती जनरल कॅडवॅलेडर याने उत्तर पाठविले की, राष्ट्राध्यक्षांनी मला हा हक्क स्थगित करण्याचा अधिकार दिला आहे, सबब बंदिवान हजर करता येत नाही. टॉनींनी त्या जनरललाच न्यायालयाच्या अवमानाबद्दल पकडून आणण्याचे फर्मान सोडले. ते बजावण्यासाठी न्यायालयाचा मार्शल किल्ल्याच्या दरवाजाशी गेला, त्याने आपल्या नावाची चिठ्ठी आत पाठविली, आणि उत्तर नाही असा निरोप ऐकून तो परत फिरला. न्यायाधीशाचा आदेश बंदुकीच्या दारावर थाप मारून रिकाम्या हाती परत आला. हक्क स्थगित करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला नसून काँग्रेसला आहे, असे सविस्तर निकालपत्र टॉनींनी लिहिले आणि त्याची प्रत लिंकनकडे पाठविली. त्यापलीकडे त्यांच्या हाती काही नव्हते. विस्कॉन्सिनच्या न्यायाधीशांना १८५९ साली काय वाटले असेल याची कल्पना त्या वृद्ध सरन्यायाधीशाला त्या दिवशी आली असावी.

लिंकन यांचे उत्तरही लक्षात घेणे न्याय्य होईल. ४ जुलैच्या आपल्या संदेशात त्यांनी काँग्रेसपुढे असा प्रश्न टाकला की, एक कायदा अभंग राहावा म्हणून बाकीचे सर्व कायदे मोडू द्यावयाचे आणि सरकारच कोसळू द्यावयाचे काय? हा प्रश्न खोटा नव्हता. पण अशा प्रश्नाचा एक स्वभाव असतो. एकदा दार उघडले की तो मूळच्या संकटापुरता थांबत नाही. त्याच सप्टेंबरात मेरीलँडच्या विधिमंडळाचे सदस्य, बाल्टिमोरचे महापौर आणि वृत्तपत्रांचे संपादक धरले गेले. त्यांत फ्रँक की हॉवर्ड नावाचा एक संपादक होता. १८१४ साली इंग्रजांनी फोर्ट मॅकहेन्रीवर केलेला तोफांचा मारा पाहून ज्याने अमेरिकेचे पुढे राष्ट्रगीत झालेले काव्य रचिले, त्या फ्रान्सिस स्कॉट कीचा हा नातू. १३ सप्टेंबर १८६१ रोजी, म्हणजे त्या तोफांच्या माऱ्याला बरोबर ४७ वर्षे होत असताना, आजोबांनी गौरविलेल्या त्याच किल्ल्यात नातवाला कैदी म्हणून कोंडण्यात आले. इतिहासाला असे योग जुळवून आणण्याची हौस दिसते.

१८६२ च्या सप्टेंबरात लिंकन यांनी ही स्थगिती देशभर लागू केली. सैन्यभरतीला विरोध करणाऱ्या कोणालाही लष्करी कैदेत टाकता येऊ लागले. नोव्हेंबरात विस्कॉन्सिनमधील पोर्ट वॉशिंग्टन या गावी सक्तीच्या भरतीविरुद्ध दंगा झाला. दंगेखोरांत बव्हंशी लक्झेंबर्ग आणि जर्मनीहून आलेले शेतकरी आणि मजूर होते. त्यांनी भरतीच्या याद्या फाडल्या, अधिकाऱ्यांची घरे उद्ध्वस्त केली. हे कृत्य निंद्य होते यात संशय नाही. पण त्यासाठी दिवाणी न्यायालये उघडी होती, खटला भरता येत होता. तसे न करता शंभराहून अधिक माणसांना लष्कराने बंदीत ठेविले. त्यांतील निकोलस केंप याच्या वतीने राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात अर्ज झाला. जानेवारी १८६३ मध्ये सरन्यायाधीश ल्यूथर डिक्सन यांच्या न्यायपीठाने निर्णय दिला की, हेबिअस कॉर्पस स्थगित करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला नाही. त्या न्यायपीठावर बायरन पेन बसलेले होते. पळालेल्या गुलामाला मदत करणाऱ्या संपादकासाठी जो न्याय त्यांनी मागितला होता, तोच न्याय त्यांनी गुलामगिरीविरुद्धच्या युद्धात भरती होण्यास नकार देणाऱ्यांसही दिला. त्यांचे स्वतःचे मन युद्धाच्या बाजूने होते. पुढे १८६४ साली न्यायाधीशपद सोडून ते स्वतः संघराज्याच्या सैन्यात दाखल झाले. ज्याच्याशी आपले मत जुळते त्याच्या स्वातंत्र्याचा कैवार घेणे कठीण नसते. पेन यांची थोरवी दुसऱ्या प्रकारची होती.

त्या निर्णयानंतर दोन महिन्यांच्या आत, ३ मार्च १८६३ रोजी, काँग्रेसने कायदा करून राष्ट्राध्यक्षाला हा अधिकार रीतसर दिला. त्याबरोबर एक अटही घातली की, लष्कराने धरलेल्या नागरिकांच्या याद्या संघराज्याच्या न्यायाधीशांना दिल्या पाहिजेत, आणि ग्रँड ज्यूरीने आरोप ठेविला नाही तर अशा मनुष्याला सोडले पाहिजे. ही अट अनेक ठिकाणी कागदावरच राहिली. पण कागदावर राहिलेली अट निरुपयोगी असतेच असे नाही. इंडियाना राज्यातील लॅम्बडिन मिलिगन या वकिलाला १८६४ च्या ऑक्टोबरात लष्कराने पकडले आणि लष्करी आयोगाने त्याला फाशी फर्मावली. इंडियानात ना लढाई चालू होती, ना न्यायालये बंद होती. लिंकन यांच्या मृत्यूनंतर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ती शिक्षा जन्मठेपेवर आणली. त्याच अटीच्या आधारे मिलिगनचा अर्ज सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. त्याच्या बाजूने युक्तिवाद करणाऱ्यांत पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेम्स गारफील्ड आणि नामांकित कायदेपंडित डेव्हिड डडली फील्ड हे होते. १८६६ साली निर्णय लागला. जेथे न्यायालये उघडी आहेत तेथे नागरिकावर लष्करी आयोगापुढे खटला चालविता येणार नाही, आणि घटना युद्धकाळी तशीच शांततेच्या काळीही राज्यकर्त्यांना व प्रजेला सारखीच बंधनकारक आहे, असे न्यायमूर्ती डेव्हिड डेव्हिस यांनी लिहिले. डेव्हिस हे लिंकनचे जुने स्नेही आणि त्यांनीच नेमलेले न्यायाधीश होते. सुटल्यावर मिलिगनने नुकसानभरपाईचा दावा लावला. १८७१ साली ज्यूरीने त्याला भरपाई दिली ती अवघी पाच डॉलर. तत्त्व अमोल ठरले; मनुष्याच्या भोगाची किंमत मात्र पाच डॉलरच झाली!

मिलिगनचा विजय संघराज्याच्या न्यायालयाने दिलेला होता. राज्याच्या न्यायालयाचे काय, हा प्रश्न तसाच राहिला होता. तो अखेरचा सुटला तो पुन्हा विस्कॉन्सिनमध्येच. १८६९ साली मॅडिसन येथे टार्बल नावाचा एक अल्पवयीन मुलगा खोटे नाव सांगून, बापाच्या संमतीवाचून, सैन्यात भरती झाला. बापाने मुलाच्या सुटकेसाठी राज्याच्या न्यायालयाच्या कमिशनरकडे अर्ज केला. कमिशनरने मुलाला सोडले, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. युद्धावरून परतलेले बायरन पेन तेव्हा पुन्हा त्या न्यायपीठावर होते. १८७१ च्या आरंभी त्यांचे निधन झाले. १८७२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. निकालपत्र लिहिले न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनी. मिलिगनची बाजू मांडणाऱ्या डेव्हिड फील्डचे हे सख्खे बंधू! राज्यांचे न्यायाधीश असे सैनिक सोडू लागले तर सैन्य उभे राहणार नाही, सबब संघराज्याच्या बंदिवानाला सोडविण्याचा अधिकार राज्याच्या कोणत्याही न्यायाधीशाला नाही, असा तो निर्णय आहे. सरन्यायाधीश चेस यांनी एकट्यानेच भिन्न मत दिले. मनमानी बंदिवासापासून आपल्या नागरिकाचे रक्षण करण्याचा राज्याचा हक्कच यामुळे हिरावला जाईल, अशी त्यांची भीती होती. ती भीती तेव्हा कोणी मनावर घेतली नाही. किल्ली एकाच हाती गेली.

किल्ली एकाच हाती असली की तो हात कापू लागल्यास काय होते, हे १९४२ साली दिसून आले. जपानशी युद्ध सुरू होताच राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या हुकमाने सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या माणसांना पश्चिम किनाऱ्यावरून हलवून छावण्यांत डांबण्यात आले. त्यांतील जवळजवळ दोनतृतीयांश जन्माने अमेरिकेचे नागरिक होते. संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४४ साली कोरेमात्सू खटल्यात या कृतीला मान्यता दिली. घटकराज्यांनी तरी प्रतिकार केला काय? फारसा नाही. कॅलिफोर्नियाचे शासन तर हकालपट्टीच्याच बाजूचे होते. कोलोराडोचे गव्हर्नर राल्फ कार यांनी मात्र या नागरिकांना आपल्या राज्यात आसरा देण्याची जाहीर भूमिका घेतली, आणि त्याच वर्षी झालेल्या सिनेटच्या निवडणुकीत ते पराभूत झाले. १९८८ साली काँग्रेसने कायदा करून क्षमा मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येक बंदिवानाला वीस हजार डॉलर दिले. मिलिगनच्या पाच डॉलरपेक्षा ही रक्कम मोठी खरी, पण ४६ वर्षांनी आलेली.

येथे एक सावधगिरीचा शब्द आवश्यक आहे. घटकराज्य म्हणजे स्वातंत्र्य आणि मध्यवर्ती सरकार म्हणजे जुलूम, असे समीकरण कोणी मांडील तर ते इतिहासाला धरून होणार नाही. राज्यांच्या हक्कांचा ध्वज गुलामांच्या मालकांनीही फडकविला. १९५७ साली आर्कान्सास राज्यातील लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत जाऊ न देण्यासाठी गव्हर्नरने राज्याचे सैनिक उभे केले, तेव्हा त्या मुलांना वर्गात पोहोचविले ते राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी पाठविलेल्या संघराज्याच्या पलटणीने. म्हणून राज्याने प्रतिकार केला एवढ्यावरून निर्णय देता येत नाही; प्रतिकार कोणासाठी, हे पाहावे लागते.

२००१ च्या सप्टेंबरातील भीषण हल्ल्यानंतर हा जुना प्रश्न पुन्हा जागा झाला. २००२ च्या मे महिन्यात होसे पादिया या अमेरिकन नागरिकाला शिकागोच्या विमानतळावर पकडण्यात आले. महिन्याभराने त्याला ‘शत्रुपक्षाचा योद्धा’ ठरवून लष्कराच्या हवाली करण्यात आले, आणि साडेतीन वर्षांहून अधिक काळ त्याला आरोपपत्रावाचून नौदलाच्या तुरुंगात ठेविले गेले. त्याचा अर्ज सर्वोच्च न्यायालयात पोहोचला तेव्हा, तो चुकीच्या जिल्ह्यातील न्यायालयात दाखल झाला होता या कारणास्तव २००४ साली फेटाळला गेला. पुढे दिवाणी न्यायालयात रीतसर खटला होऊन तो दोषीही ठरला. म्हणजे खटला चालविणे अशक्य होते असे मुळीच नव्हते.

३१ डिसेंबर २०११ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी संरक्षण खर्चाच्या वार्षिक कायद्यावर सही केली. त्याच्या १०२१ व्या कलमाने, अतिरेकी संघटनांना भरीव साहाय्य करणाऱ्या व्यक्तीला युद्ध संपेपर्यंत खटल्यावाचून लष्करी अटकेत ठेवण्याच्या अधिकारास दुजोरा दिला. नागरिकांविषयीचा विद्यमान कायदा यामुळे बदलत नाही, असेही त्यात म्हटले होते. नागरिकांना असे अनिश्चित काळ डांबले जाणार नाही, असे आश्वासन ओबामांनी सहीबरोबर दिले. पण आश्वासन देणारा राष्ट्राध्यक्ष बदलतो आणि कलम कायम राहते, ही शंका अनेकांच्या मनात राहिली.

राज्यांनी आता काय करावे? टार्बलच्या निर्णयाने बंदिवानाला सोडविण्याचा मार्ग बंद झालेला. तेव्हा त्यांनी एक जुनी, विस्मृतीत गेलेली वाट शोधून काढली. १८४२ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रिग खटल्यात असे म्हटले होते की, गुलामांना धरून देण्याचे काम संघराज्याचे आहे, ते राज्यांच्या अधिकाऱ्यांवर सक्तीने लादता येणार नाही. त्या वाक्याचा आधार घेऊन मॅसॅच्युसेट्सने १८४३ साली आपल्या अधिकाऱ्यांना अशा कामात भाग घेण्यास बंदी केली आणि आपले तुरुंग त्यासाठी देण्याचे नाकारले. १९९७ साली प्रिंट्झ खटल्यात न्यायालयाने, राज्यांच्या अधिकाऱ्यांना संघराज्याच्या चाकरीला जुंपता येत नाही, हे तत्त्व पुन्हा ठामपणे सांगितले होते. या आधारावर २०१२ साली व्हर्जिनिया राज्याने कायदा केला की, १०२१ व्या कलमाखाली नागरिकाला बेकायदा अटक करण्याच्या कामी राज्याच्या कोणत्याही खात्याने वा नोकराने जाणूनबुजून साहाय्य करू नये. २०१३ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी तशाच आशयाच्या कायद्यावर सही केली. तेथे दोन्ही पक्षांनी तो जवळजवळ एकमताने संमत केला होता. १९४२ साली नागरिकांच्या हकालपट्टीची मागणी करणारे कॅलिफोर्निया राज्य ते हेच.

या कायद्यांनी एकही बंदिवान सुटत नाही, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो खरा आहे. लष्कराने मनात आणले तर राज्याच्या पोलिसांवाचून ते एखाद्याला उचलू शकते. परंतु आपल्या देशात असहकार या शब्दाचा अर्थ फोड करून सांगण्याची गरज नाही. अमेरिकेतील बहुसंख्य पोलीस राज्यांचे आणि नगरांचे नोकर असतात. पत्ता सांगणारे, दार दाखविणारे, रात्रीपुरती कोठडी देणारे हात त्यांचे असतात. ते हात आखडले म्हणजे जुलूम अशक्य होत नाही. तो महाग होतो आणि उघड्यावर येतो. १८५४ साली राज्य म्हणत होते, ‘मी किल्ली फिरवीन.’ २०१२ साली ते एवढेच म्हणू शकले, ‘कुलूप लावण्यास मी हात देणार नाही.’ या दोन वाक्यांमधील अंतर म्हणजे घटकराज्याने दीडशे वर्षांत गमावलेले आणि राखलेले अधिकार होत.

मी स्वतः शासकीय सेवेतील मनुष्य आहे. हुकूम लिहिण्यात, तपासण्यात आणि बजावण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आहेत. म्हणून हा इतिहास वाचताना माझे लक्ष राष्ट्राध्यक्षांपेक्षा किल्ल्याच्या दारातून परतलेल्या त्या मार्शलकडे जाते, कागदपत्रे न पाठविणाऱ्या त्या लेखनिकाकडे जाते, मॅडिसनच्या त्या लहानशा कमिशनरकडे जाते. स्वातंत्र्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयात लागतो हे खरे. पण त्याआधी तो कुठल्या तरी कचेरीत, रात्रीच्या वेळी, एका सहीपाशी लागलेला असतो.

आपल्या घटनाकारांनी या बाबतीत अमेरिकेहून वेगळी रचना केली. अनुच्छेद २२६ अन्वये आपली उच्च न्यायालये केंद्र शासनालाही देहोपस्थितीचा आदेश देऊ शकतात. आणीबाणीच्या काळात नऊ उच्च न्यायालयांनी ते धैर्य दाखविले. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर प्रकरणात चार विरुद्ध एक मतांनी ते निर्णय फिरविले. बहुमतात आपल्या पुण्याचे न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. एकटे उभे राहिले ते न्यायमूर्ती हंसराज खन्ना. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही अबाधित राहील अशी तजवीज झाली, आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो १९७६ चा निर्णय रद्द ठरविला. रद्द ठरविणाऱ्या निकालपत्राचे एक लेखक यशवंत चंद्रचूड यांचे चिरंजीव न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे होते. आपल्याकडे प्रतिबंधक स्थानबद्धतेचे हुकूम जिल्हाधिकारी आणि पोलीस आयुक्तही काढतात, म्हणजे घटकराज्यही किल्लीचे धनी आहेच. म्हणून अमेरिकेचा हा इतिहास परक्याचा म्हणून ऐकून सोडून देता येत नाही.

बायरन पेन यांना संपादकाच्या सुटकेत यश आले, केंपच्या प्रकरणात त्यांनी राष्ट्राध्यक्षाविरुद्ध निर्णय दिला, आणि टार्बलच्या प्रकरणातील पराभव पाहण्यापूर्वी ते गेले. त्यांचा कायदा पुस्तकातून पुसला गेला आहे. पण मनुष्याला अडकवून ठेवणाऱ्याला, मग तो कोणीही असो, ‘कोणत्या कायद्याने?’ असे विचारणारा कोणीतरी जवळपास असला पाहिजे, हा त्यांचा आग्रह मात्र जुना झालेला नाही. तो प्रश्न विचारण्याचा अधिकार एकाच जागी ठेवावा की अनेक जागी, याविषयी विद्वानांत मतभेद राहतील. कोठडीत बसलेल्या मनुष्याला विचाराल, तर तो म्हणेल, जितकी दारे अधिक तितके बरे.